साडेतीनशे रुपयांची वसुली

पत्र, थोडक्यात: नाशिकच्या सिडकोत राहणारे ३३ वर्षांचे एक वाचक अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतात. डिप्लोमाच्या वेळचे ते पाच मित्र दर बुधवारी संध्याकाळी कॉलेज रोडवरच्या एका हॉटेलात भेटतात. तिथे ३४९ रुपयांत पिझ्झा, गार्लिक ब्रेड, फ्राइज आणि कोल्ड्रिंक अनलिमिटेड मिळतं. दीड वर्ष हे चाललंय. कोण किती तुकडे खातो याची मोजणी होते. यांचा विक्रम १४ तुकड्यांचा आहे आणि त्यावरून ग्रुपमध्ये त्यांचं नाव पडलंय 'जेसीबी'. पोटात जागा राहावी म्हणून बुधवारी ते दुपारचा डबा उघडत नाहीत. वजन ७४ किलोवरून ८६ वर गेलं. कंपनीच्या तपासणीत एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या काही महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी) ६.१ निघालं आणि डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचं सांगितलं. तेव्हापासून घरात वाद आहे. पत्नी म्हणते, "कुणी तोंडात कोंबलं होतं का?" यांचं म्हणणं, अशा ऑफर म्हणजे लोकांना आजारी पाडायचा धंदा आहे, सरकारने बंदी घालावी. ते विचारतात, ताई, दोष कुणाचा? आणि मित्रांना न दुखावता यातून बाहेर कसं पडू?

---

प्रिय जेसीबी,

याच नावाने हाक मारते. तुम्ही स्वतःचं नाव दिलेलं नाही, आणि हे टोपणनाव पत्रात ज्या कौतुकाने तीनदा लिहिलंय त्यावरून ते अजून तुम्हाला आवडतंय असं दिसतं. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रिपोर्टचे आकडे लक्षात राहिले. दुसऱ्यांदा वाचताना एक गंमत दिसली. चार पानांत पिझ्झा चांगला होता असं तुम्ही एकदाही म्हटलेलं नाही. चीज कसं, बेस कसा, कुठला आवडतो, काही नाही. कुणाची पुण्याला बदली होता होता राहिली, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन झालं, कुणी कुणाची कशी फिरकी घेतली, हे मात्र बारकाईने आलंय. बुधवारची वाट तुम्ही ज्यासाठी पाहता ते त्या टेबलावर आहे, पण ताटात नाही, असं मला वाटतं.

आता दोषाचं बघू. तुमच्या घरातलं भांडण फार मोठमोठ्या लोकांनी आधीच भांडून ठेवलंय. २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काही किशोरवयीन मुलांच्या वतीने मॅकडोनाल्ड्सवर खटला झाला होता. त्यांच्या खाण्यामुळे आम्ही लठ्ठ आणि आजारी झालो, अशी तक्रार होती. २००३ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी ती फेटाळली. तिथे जाऊन खायची कुणावर सक्ती नाही, असा त्यांचा रोख होता. पुढे अपिलांत प्रकरण बरीच वर्षं रेंगाळलं. मधल्या काळात, २००४ मध्ये, अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने असे खटले भरताच येऊ नयेत असं विधेयक मंजूर केलं. त्याच्या नावातच 'वैयक्तिक जबाबदारी' हे शब्द होते. सिनेटमध्ये ते अडलं. म्हणजे तुमच्या सौभाग्यवतींच्या बाजूने एक न्यायाधीश आणि अर्धी अमेरिकी संसद आहे.

पण तुमचीही बाजू रिकामी नाही. फ्रान्सने जानेवारी २०१७ पासून हॉटेलांत साखरेच्या पेयांचे अनलिमिटेड ग्लास देण्यावर बंदी घातली. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२५ पासून असे फुकट रिफिल बंद झाले. आपल्याकडे केरळने २०१६ मध्ये ब्रँडेड हॉटेलांतल्या पिझ्झा-बर्गरवर साडेचौदा टक्के कर लावला होता. पुढच्या वर्षी जीएसटी आला आणि तो कर त्यात गेला. हे सगळं करणाऱ्या सरकारांना माणसाला हात आहेत आणि तो ते आवरू शकतो हे ठाऊक नव्हतं असं नाही. समोर ग्लास भरतच राहिला तर हात आवरणं अवघड जातं, हेही त्यांना ठाऊक होतं.

आणि यात तथ्य आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना महिनाभर एका संशोधन रुग्णालयात ठेवून एक प्रयोग झाला. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या उष्मांकांचं, साखरेचं, चरबीचं, मिठाचं प्रमाण सारखं, आणि हवं तितकं खायची मुभा. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. तीच माणसं, तोच मनोनिग्रह. तेव्हा "कुणी कोंबलं होतं का" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असं: कोंबलं नाही, पण सरकवलं जरूर.

बरं, आता समजा मी निकाल दिला. साठ टक्के दोष हॉटेलचा, चाळीस तुमचा. किंवा उलटा. तो कागद घेऊन तुम्ही घरी गेलात तर पुढे काय होईल? बायको जरा नरमेल कदाचित, किंवा जास्तच भडकेल. एचबीए१सी ६.१ च राहील. दोष कुणाचा हा प्रश्न झालेल्या गोष्टीचा हिशेब मागतो. मला त्यापेक्षा वेगळं विचारायचंय. बुधवारच्या सगळ्या घटनाक्रमात तुमचा हात नेमका कुठे चालतो?

अकराव्या तुकड्याला तो चालत नाही, हे मी आधीच मान्य करते. समोर चार जण मोजतायत, "जेसीबी, जेसीबी" चाललंय, वेटर ट्रे घेऊन उभा आहे. तिथे संयम दाखवणाऱ्या माणसाला मी लांबूनच नमस्कार करीन. तुमचा हात चालतो तो त्याच्या खूप आधी: दुपारी एक वाजता, डब्यासमोर. संध्याकाळी साडेसहाला "निघालास का" असा फोन येतो तेव्हा. आणि टेबलावर बसल्यावर ऑर्डर देण्याआधीच्या दोन मिनिटांत. जबाबदारी म्हणतात ती मला तिथे दिसते.

मध्ये थोडं विषयांतर करते, कारण हे सगळं परदेशातून आलं असं आपण फार सहज म्हणतो. माझं लहानपण पंचवटीत गेलं. लग्नाच्या पंगतीत जिलब्यांच्या पैजा लागायच्या. आमच्या एका नात्यातल्या काकांनी चाळीस जिलब्या खाल्ल्याची गोष्ट मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल. नंतरचे दोन दिवस ते ओव्याचं पाणी पीत कुशीवर पडून होते, ही गोष्ट मात्र काकूंनी मला एकदाच सांगितली, तीही स्वयंपाकघरात, हळू आवाजात. आपल्या मिसळीकडे पाहा. रस्सा कितीदाही मागा, वाढपी नाही म्हणत नाही. मी स्वतः एका रविवारी चौथी वाटी मागून घेतली होती, भूक दुसऱ्या वाटीलाच संपली असताना. का मागितली? फुकट होती म्हणून. बाकी कारण नव्हतं. सोमवारचा दिवस छातीत जळजळ घेऊन काढला. तेव्हा हसू नका, मीही तुमच्याच टेबलावरची आहे. फरक एवढाच की पंगत वर्षातून चार-पाचदा उठायची. तुमची दर बुधवारी उठते.

त्या 'फुकट' शब्दापाशी जरा थांबू. तुम्ही लिहिलंय, "३४९ दिल्यावर निदान तेवढे तरी वसूल झाले पाहिजेत ना ताई." हे वाक्य मला रिपोर्टपेक्षा जास्त खटकलं. काउंटरवर पैसे दिले त्या क्षणी ३४९ रुपये गेले. चार तुकडे खाल्ले तरी गेले, चौदा खाल्ले तरी गेले. दहावा तुकडा त्यातला एक रुपयाही परत आणत नाही. उलट त्याचा खर्च वेगळा, तो मांडतोय तुमचा स्वादुपिंड. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्रवाल्यांनी या खोडीचा बराच अभ्यास केलाय. १९८५ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटं काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत दिली होती. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण पूर्ण पैसे भरलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना आले. पैसे गेलेत, मग बसलंच पाहिजे. नाटक कंटाळवाणं निघालं तर दोन तास जातात. तुमच्या बाबतीत पँटची कंबर जाते.

आणि वसूल कुणाकडून करताय? अशी ऑफर बहुतेक बुधवारी, मंगळवारीच का असते? कारण शनिवार-रविवारी टेबलं आपोआप भरतात, आठवड्याच्या मध्ये रिकामी राहतात. जागेचं भाडं, आचारी, वीज हा खर्च तुम्ही आलात न आलात चालूच असतो. मैदा, बटाटा, बर्फ घातलेलं कोल्ड्रिंक यांचा खर्च त्या मानाने कमी, आणि हेच आधी टेबलावर येतं. तुमच्यासारखा एखादा चौदा खातो, पलीकडच्या टेबलावरची मुलगी तीन खाऊन फोटो काढत बसते. हिशेब सरासरीवर चालतो. म्हणजे तुम्ही मालकाला हरवत नाही, फार तर त्या मुलीचे पैसे खाता. कधी कधी मालकाचाही अंदाज चुकतो. अमेरिकेतल्या रेड लॉब्स्टर या साखळीने २०२३ मध्ये २० डॉलरमध्ये हवी तितकी कोळंबी अशी ऑफर कायमची करून टाकली, त्यात तिला एक कोटी डॉलरहून जास्त फटका बसला आणि मे २०२४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. कारणं इतरही होती, पण कोळंबीने हातभार लावला. तुमचं कॉलेज रोडचं हॉटेल तुमच्या चौदा तुकड्यांनी बुडेल अशी आशा धरू नका.

तुम्ही एक बारीक गोष्ट लिहिलीय, तीही इतर वाचकांसाठी सांगण्यासारखी आहे. तिथे पाटी आहे: ताटात उरलं तर ५० रुपये दंड, आणि टेबलावरच्या सगळ्यांनी ऑफर घ्यायची, वाटून खायचं नाही. अन्न वाया जाऊ नये हे मला मान्यच आहे. पण या दोन नियमांचा परिणाम बघा. कमी खाणाऱ्याला कमी पैशांत बसता येत नाही, आणि पोट भरलेल्याला थांबता येत नाही. म्हणून निर्णय ऑर्डरच्या आधी घ्यायचा. त्या हॉटेलात साध्या मेन्यूवरून पाच जणांत दोन-तीन पिझ्झे मागवले तर किती होतात, हे एकदा खरंच मोजा. तुम्ही क्वालिटीतले, मोजणं तुमच्या हाताला आहे. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी मेन्यूवर पदार्थासमोर कॅलरी लिहाव्यात असा नियम २०२२ पासून लागू आहे. तुमचं हॉटेल अशा साखळीतलं असेल तर बोर्डावर बारीक अक्षरात तो आकडा सापडेल. त्याला चौदाने गुणायची शिक्षा मी देत नाही, एकदा वाचा फक्त.

आणि कोल्ड्रिंक. याबाबतीत मी नेमस्त नाही. कोलाच्या अडीचशे मिलीच्या ग्लासात साधारण २६ ग्रॅम साखर असते, पाच चमचे धरा. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या वरच्या साखरेसाठी २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. एका ग्लासात तो कोटा संपला, आणि तुम्ही तीन पिता. पिझ्झा निदान चावावा तरी लागतो. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाने पहिलं काय सोडावं असं विचाराल तर हेच. पाणी घ्या.

आता तुम्हाला जरा न आवडणारं. वर्षात जेवणं किती? दिवसाला तीन धरली तर १,०९५. त्यातले बुधवार ५२. बारा किलो एकट्या बुधवारांनी चढवले असं मानायला मी तयार नाही. तुमच्याच पत्रात ओझरते उल्लेख आहेत: सेकंड शिफ्टला गेटबाहेरचा वडापाव, दिवसाचे पाच-सहा चहा, रात्री मोबाईल बघताना शेव. बुधवार डोळ्यात भरतो कारण त्याला पाटी आहे, किंमत आहे आणि शिव्या घालायला मालक आहे. चहाला मालक नाही. तेव्हा बंदीची मागणी करताना आपण सोयीचा आरोपी तर निवडला नाही ना, हे स्वतःशी पडताळा. (चहावर बंदी आली तर अंबडचे कारखाने दुपारी तीनला बंद पडतील, ते सोडा.)

भ्यायची मात्र गरज नाही. एचबीए१सी ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा मानतात. तुम्ही त्यात एकटे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत अशा भारतीयांची संख्या १३ कोटी ६० लाख निघाली. या टप्प्यावरून परत फिरता येतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढं लक्ष्य ठेवलेल्या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमचे सात टक्के म्हणजे सहा किलो. बाराच्या बारा नकोत, सहा. गोळी, पथ्य, बाकीच्या तपासण्या हे तुमचे डॉक्टर ठरवतील, ते माझ्याकडून घेऊ नका. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांचा हिशेब दाखवतं, तेव्हा पुढची तपासणी तीन महिन्यांनी ठेवा आणि मधल्या काळात रोज काट्यावर चढू नका.

राहिले मित्र. "बायकोने पट्टा बांधला" असं म्हणतील, ही तुमची भीती. म्हणतीलच, दोन आठवडे. तुम्ही पोट बिघडलंय, शिफ्ट आहे, पाहुणे आलेत अशी कारणं दिलीत तर वर्षभर म्हणतील, कारण खोट्या कारणाचा वास येतो. ग्रुपवर जाहीर करू नका. पाचांतल्या एकाला, ज्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं त्याला, वेगळा फोन करा आणि रिपोर्टचा आकडा जसाच्या तसा सांगा. हॉस्पिटलचे जिने चढून आलेला माणूस अशा वेळी थट्टा करत नाही. बुधवारी टेबलावर तुमच्या बाजूने एक जण असला की पुरतं. आणि मला दाट शंका आहे की तुमचा आकडा ऐकल्यावर अजून एखादा आपला रिपोर्ट खिशातून काढेल. तेहेतिशीतले पाच जण दीड वर्ष तेच खातायत.

बुधवार मोडू नका. लग्न, मूल, शिफ्ट या सगळ्यात पाच जुने मित्र आठवड्याला भेटतात ही चैन आहे, ती जपा. जागा बदलून बघा. एका बुधवारी गोदापार्कवर चालत गप्पा मारा आणि नंतर टपरीवर एक चहा, कमी साखरेचा. एखाद्या रविवारी पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, उतरून मिसळ खा, रस्सा एकदाच मागा. महिन्यातून एखादा बुधवार कॉलेज रोडला गेलात तरी आकाश कोसळणार नाही, फक्त ऑफर घेऊ नका. आणि 'जेसीबी' हे नाव जाईल याची हुरहूर वाटतेय ना? त्या नावाखाली दीड वर्ष तुमच्याकडे सगळ्यांचं लक्ष असायचं. कारखान्यात तासन्‌तास गेज घेऊन बसणाऱ्या माणसाला ते हवंसं वाटणं मी समजू शकते. नाव जायला वेळ लागेल. पहिले काही बुधवार तुमचं ताट बघून लोक हसतील, मग दुसऱ्या कुणाला तरी नाव ठेवतील.

ज्या आया मला कॉलेजात जाणाऱ्या मुलांबद्दल असंच विचारतात त्यांना एकच सांगते. शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या ५० मीटरांत असलं खाणं विकायला मनाई आहे, कॉलेजला तो नियम नाही. तेव्हा भाषणापेक्षा निघण्याआधी पोळी-भाजी खायला घाला. भरल्या पोटाचा मुलगा पाच तुकड्यांत आटोपतो.

शेवटी तुमचा डबा. तुमच्या पत्नी साडेपाचला उठून तो करतात, हे तुम्हीच लिहिलंय, आणि दर बुधवारी तो तसाच परत येतो, हेही. दोन वाक्यांमध्ये दीड पानाचं अंतर ठेवून. "कुणी कोंबलं होतं का" हा टोमणा तुम्ही पिझ्झ्यावरचा समजलात. मी त्या जागी असते तर दीड वर्ष आठवड्याला एकदा भरलेला डबा सिंकवर रिकामा करताना मलाही असंच काहीतरी सुचलं असतं.

तर येत्या बुधवारी एक वाजता डबा उघडा. पूर्ण खा, भात ठेवून नाही. संध्याकाळी मित्रांकडे जा किंवा जाऊ नका, ते नंतरचं. घरी पोचल्यावर डबा विसळून ओट्यावर ठेवा आणि त्याबद्दल काही बोलू नका.

तुमची,
ताई